गालिच्यावरचं फारसी कसं वाचायचं: शेर, सही आणि सन

“आमच्या गालिच्यावर काहीतरी उर्दू लिहिलंय. दोनशे वर्षांचा आहे म्हणतात. येऊन बघतेस का?”

मैत्रिणीचा असा फोन आला आणि मी गेले. जुने कागद वाचता यावेत म्हणून कामचलाऊ फारसी शिकले होते, तेवढ्या भांडवलावर. गालिच्यावरचं ते उर्दू नव्हतं, फारसी होतं. गालिचा दोनशे वर्षांचाही नव्हता. आणि तरी पहिल्याच बैठकीत मी आत्मविश्वासाने सन चुकीचा सांगितला. त्यानंतर असे बरेच गालिचे पाहिले, काही घरांतले, काही संग्रहालयांतले, आणि त्यातून हाताला एक पद्धत बसली. ती इथे लिहिते आहे. फारसी येत नसेल तरी निम्म्याहून जास्त काम तुम्हाला स्वतः करता येईल. उरलेल्यासाठी उर्दू जाणणारा कुणी शेजारी किंवा सहकारी गाठावा लागेल.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसू दे. गालिच्यावर अक्षर लिहिलेलं नसतं, ते बांधलेलं असतं. आधी गाठ, मग अक्षर. लेखणीचा ओघ तिथे नसतो, चौकोनामागे चौकोन असतात. ज्याने शेर रचला, ज्याने तो कागदावर लिहिला, ज्याने त्याचा नकाशा चौकटींच्या कागदावर उतरवला आणि जिने तो मागावर विणला ती सगळी माणसं वेगवेगळी, आणि विणणारीला वाचता येत असेलच असं नाही. पुढच्या बहुतेक अडचणी यातूनच उगवतात.

आधी जमवाजमव

एक भिंग, मोजपट्टी, मोबाइल, पेन्सिल आणि शाळेतली आलेखवही. ओला फडका, साबण, ‘जरा पुसून घेऊ म्हणजे नीट दिसेल’ हे काहीही नको. कच्चा लाल रंग एकदा शेजारच्या पांढऱ्या अक्षरात उतरला की तो परत जात नाही.

गालिचा खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, असा पसरा. एका टोकाला उभं राहून बघा, मग दुसऱ्या. एकीकडून तो फिका दिसेल, दुसरीकडून गडद. लव एका बाजूला कललेली असते म्हणून असं होतं. ती ज्या टोकाकडे झुकलेली असते तिथून विणकाम सुरू झालेलं असतं. फोटो काढताना गडद बाजूकडून काढा, अक्षरं ठसठशीत येतात. एक फोटो संपूर्ण गालिच्याचा, मग मजकुराच्या प्रत्येक चौकटीचा वरून सरळ, आणि एक फोटो बाजूने तिरपा उजेड पाडून. झिजलेली जागा तिरप्या उजेडात लगेच उघडी पडते.

मग एक कोपरा उलटा. मागून मजकूर आरशातल्यासारखा उलटा दिसतो, पण गाठी मागूनच मोजाव्या लागतात. उभ्या आणि आडव्या दिशेने १० सेंटिमीटरमध्ये किती गाठी येतात ते मोजा. नवखा माणूस इथे हमखास दुप्पट मोजतो, कारण काही विणींत एकेक गाठ मागून दोन उंचवट्यांची दिसते आणि काहींत एकाच. शंका आली तर एकट्या रंगाचा एखादा ठिपका शोधा. त्याला मागे एक टेकाड दिसतं की दोन, ते बघितलं की हिशेब लागतो.

हा आकडा कशासाठी? अक्षराला किती वळण घेता येईल ते त्यावर ठरतं म्हणून. १० सेंटिमीटरच्या चौकोनात ५,००० गाठी असतील तर एका सेंटिमीटरला सात गाठी आल्या, म्हणजे दोन सेंटिमीटर उंच अक्षराला चौदा पायऱ्या मिळाल्या. त्यात गोलाई जमते. त्याच चौकोनात हजारच गाठी असतील तर अक्षराला सहा पायऱ्या, आणि नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा-वरचा ठिपका, जेमतेम एक गाठ. अशा गालिच्यात एखादा नुक्ता गळला तर त्यात विणणारीचा दोष नाही.

सरावाला अर्दबील

घरच्या गालिच्याला हात घालण्याआधी एका मोठ्या गालिच्यावर हात साफ करून घ्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या, इराणच्या अर्दबील शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गालिच्याचे उत्तम फोटो इंटरनेटवर मिळतात. हा साधारण साडेदहा मीटर लांब आणि सव्वापाच मीटरहून थोडा जास्त रुंद. ताणा-बाणा रेशमाचा, लव लोकरीची. १८९३ मध्ये संग्रहालयाने तो २,००० पौंडांना घेतला, आणि घ्यावाच असा आग्रह धरणाऱ्यांत इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस होते. मुळात ही जोडी होती. एकाचे तुकडे वापरून दुसरा पूर्ण केला गेला, आणि कडा गमावलेला तो पहिला आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. लंडनमधला काचेच्या घरात जमिनीवर पसरलेला आहे. रंग उडू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं त्यावर उजेड पाडतात.

त्याच्या एका टोकाला छोटीशी चौकट आहे. एवढ्या अवाढव्य गालिच्यात ती शोधावी लागते. तीत फारसी कवी हाफिजच्या गझलेतला एक शेर आहे:

जुज़ आस्तान-ए तोअम दर जहान पनाही नीस्त
सर-ए मरा ब-जुज़ ईन दर हवालेगाही नीस्त

तुझ्या उंबऱ्याविना मला जगात थारा नाही. या दाराखेरीज डोकं टेकवायला ठिकाण नाही. त्याखाली सही: ‘अमल-ए बंदे-ए दर्गाह मक्सूद काशानी, सने ९४६’.

आता हे मराठी कानांनी पुन्हा वाचा. जहान, पनाह (आलमपनाह आठवा), दर म्हणजे दार, हवाला, बंदा, दर्गा, सन. फारसीचा एक धडाही न गिरवता अर्धा लेख ओळखीचा निघतो. तीनशे-चारशे वर्षं दफ्तरात फारसी मुरल्याचा हा फायदा. ‘गालिचा’ हा शब्दही तिकडचाच. फारसीत ‘क़ाली’ म्हणजे गालिचा आणि ‘क़ालीचे’ म्हणजे छोटा गालिचा, आपण मात्र दिवाणखानाभर पसरलेल्यालाही गालिचाच म्हणतो. पुण्यातल्या फरासखान्याचं नावही ‘फर्श’ अंथरणाऱ्या फर्राशांवरून आलं आहे.

पण या शेराची खरी गंमत सहीशी जोडून वाचल्यावर कळते. हा गालिचा अर्दबीलच्या सूफी संत शेख सफीउद्दीन यांच्या दर्ग्यातला मानला जातो. शेरात उंबरठा आणि दार, सहीत ‘दर्गाहचा बंदा’. म्हणजे शेर शोभेसाठी कुठूनतरी उचललेला नाही, सही करणारा माणूस त्याच शेरात जाऊन उभा राहिला आहे. नामदेवाची पायरी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘दर्गाह’ म्हणजे दरबारही, त्यामुळे बंदा नेमका पीराचा की शाहाचा, हा प्रश्न उघडा राहतो, आणि तो उघडाच ठेवलेला बरा.

(हाफिज दख्खनेत येता येता राहिला, हे जाता जाता. आधी अहमदनगरला आणि मग विजापूरला राहिलेला इतिहासकार फिरिश्ता सांगतो की बहमनी सुलतानाचं बोलावणं आल्यावर हाफिज होर्मुझपर्यंत पोचला, जहाजावर चढला, वादळ पाहून उतरला आणि स्वतःऐवजी गझल पाठवून मोकळा झाला.)

मजकूर कुठून सुरू होतो

अर्दबीलमध्ये एकच चौकट, म्हणून सोपं. एरवी मजकूर कडेच्या पट्ट्यात लांबट चौकटींत विभागलेला असतो. अशा चौकटीला फारसीत कतीबे म्हणतात. तो वाचायला तुम्हाला गालिच्याभोवती फिरावं लागतं, कारण बहुधा प्रत्येक बाजूच्या अक्षरांचे पाय वेगळ्या दिशेला असतात. आधी फक्त एवढंच ठरवा: पाय आत मध्याकडे आहेत की बाहेर? मग वाचनाची दिशा उजवीकडून डावीकडे धरून एकेका चौकटीला क्रमांक द्या. पहिली चौकट कुठली, याला नियम नाही. उजवा वरचा कोपरा हा चांगला अंदाज, पण अंदाजच.

क्रम पक्का करायची खरी किल्ली यमकात आहे. गझल असेल तर शेराच्या शेवटी तोच तोच शब्द परत येतो. वर ‘पनाही नीस्त’, ‘हवालेगाही नीस्त’ पाहिलंत ना? अर्थ कळला नाही तरी त्याच आकाराची शेपटी दोन चौकटींच्या डाव्या टोकाला दिसते. मसनवी असेल तर दोन-दोन ओळींच्या जोड्या जुळतात, पुढची जोडी नव्या यमकाची. फोटो छापा, कात्रीने चौकटी कापा आणि टेबलावर पत्त्यांसारख्या जुळवा. मैत्रिणीच्या गालिच्याच्या सहा चौकटी आम्ही अशाच जुळवल्या, आणि तिच्या नवव्या वर्षात असलेल्या मुलीने आमच्याआधी जोड्या लावल्या. तिला अक्षरं येत नव्हती, म्हणून ती आकार बघत होती.

लिपीचा अंदाज

शेर असेल तर लिपी बहुतेक वेळा नस्तालीक, तिरपी उतरत जाणारी, लांब झोक्यांची. उर्दूची पुस्तकं आणि वर्तमानपत्रं हिच्यातच असतात, म्हणून मालेगाव, भिवंडी किंवा संभाजीनगरचा उर्दू शाळेतला मुलगाही ही अक्षरं लावू शकेल, अर्थ मात्र लागेलच असं नाही. उंच सरळ दांड्यांची, भारदस्त, एकावर एक रचलेली अक्षरं दिसली तर ती सुलुस, आणि मजकूर बहुधा अरबी, अनेकदा कुराणातला. नुसती कोनांची, वेलबुट्टीसारखी परत परत येणारी चौकोनी नक्षी असेल तर तो कूफी लिपीचा भास असू शकतो, त्यात वाचण्यासारखं काही नसतं. त्यावर दोन संध्याकाळी घालवलेल्या बाईचा हा सल्ला आहे.

आता आलेखवही काढा. एक गाठ म्हणजे एक चौकोन. भिंगातून बघत चौकट उतरवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. ब, प, त, न, य ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला सारखीच दिसतात, एक नुसता दात. फरक नुक्त्यांचा. एक दात आणि पुढे ‘आर’ असा शब्द घ्या. खाली एक नुक्ता असेल तर ‘बार’, ओझं. खाली दोन असतील तर ‘यार’. वर एक असेल तर ‘नार’, म्हणजे आग किंवा डाळिंब. वर दोन असतील तर ‘तार’, अंधारलेला. कसरीने एक नुक्ता खाल्ला की मित्राचं ओझं होतं. आलेखावर उतरवताना झिजलेल्या गाठींच्या जागी रिकामा चौकोन सोडा, मनाने भरू नका. काळ्या आणि गडद तपकिरी गाठी सगळ्यांत आधी झिजतात, कारण त्या रंगात लोह असतं आणि ते लोकर हळूहळू खातं. अक्षरांची कड नेमकी याच रंगात असते.

सही: कुणाचं नाव, कशासाठी

सही शेवटच्या चौकटीत, वरच्या कडेला मध्यभागी, किंवा कोपऱ्यात असते. नावापेक्षा नावाआधीचा शब्द महत्त्वाचा, तो आधी शोधा.

‘अमल’ म्हणजे कृती, काम. इथे आपला सत्तेचा अमल विसरा. ज्याचं नाव पुढे येतं त्याने स्वतः गाठी मारल्या असा मात्र याचा अर्थ होत नाही. मक्सूद काशानीने एकट्याने तो गालिचा विणणं शक्यच नव्हतं. तो आराखडा करणारा किंवा काम करवून घेणारा असावा. ‘फर्माइश’ दिसलं तर पुढचं नाव गिऱ्हाइकाचं. ‘कारखाना’ म्हणजे कार्यशाळा, पुढे मालकाचं नाव. ‘बाफ्त’ म्हणजे विणलं. कधी ‘उस्ताद’ येतं: कूम शहरात इराणचा राजा दुसरा शाह अब्बास याच्या कबरीसाठी केलेल्या रेशमी गालिच्यांवर उस्ताद निमतुल्ला जोशकानी याची सही आणि १०८२ हा सन आहे.

काशानी, तबरीझी, किरमाणी, इस्फहानी ही आडनावासारखी दिसणारी शेपटी त्या माणसाचं मूळ गाव सांगते, गालिच्याचं नव्हे. कोल्हापुरे नावाच्या माणसाने नाशकात दुकान टाकलं म्हणून तो माल कोल्हापूरचा होत नाही. मक्सूद काशानचा होता, पण अर्दबील गालिचा कुठल्या गावी विणला गेला यावर अभ्यासक आजही भांडतात.

सन: इथे सगळे पडतात

मीही पडले. चौकटीत तीन आकडे होते: दोन खाचांचा दांडा, एक खाचेचा दांडा, आणि एक गोल. मी म्हटलं ३२०. पुढचा हजाराचा १ गाळायची पद्धत मला माहीत होती, म्हणून ऐटीत १३२० सांगितलं.

गोल म्हणजे ५, म्हणजे तो सन १३२५ होता. शून्य हा नुसता ठिपका असतो. आपल्या डोळ्यांना गोल दिसला की शून्यच सुचतं, आणि तिथेच घसरगुंडी होते. इराणी वळणाचा ५ पत्त्यांतल्या उलट्या बदामासारखा, टोक वर असलेला असतो, पण अरबी वळणाचा गोल आकारही सर्रास सापडतो. बाकीचे आकडे असे: १ म्हणजे उभी काठी, २ ला डोक्याशी एक खाच, ३ ला दोन. ४ ची दोन रूपं आहेत. इराणी रूप २ चाच भाऊ, फक्त डोक्याशी एक वळसा जास्त. अरबी रूप मात्र आपल्या ६ सारखं दिसतं, हा खास मराठी माणसासाठी लावलेला सापळा. अरबी ६ इंग्रजी सातासारखा. ७ म्हणजे वर उघडा कोन, ८ म्हणजे तोच कोन उलटा, आणि ९ इंग्रजीतल्या नऊसारखा. अक्षरं उजवीकडून डावीकडे चालत असली तरी आकडे आपल्यासारखेच डावीकडून वाचायचे.

२ आणि ४ मधल्या त्या एका वळशाने मोठमोठ्यांना दमवलं आहे. मिलानच्या पोल्दी पेत्झोली संग्रहालयात शिकारीच्या दृश्यांचा एक विख्यात गालिचा आहे. घियासुद्दीन जामी याच्या प्रयत्नाने हे नामी काम पुरं झालं, असं त्यावर शेरातच विणलं आहे आणि पुढे सन आहे. तो काहींनी ९२९ वाचला, काहींनी ९४९. म्हणजे वीस वर्षांचा फरक, म्हणजेच इराणच्या इस्माईल शाहाचा काळ की तहमास्प शाहाचा, एवढा फरक.

आकडे लागले की इसवी सन काढायचा. गालिच्यावरचा सन बहुधा हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेतला असतो. चांद्र हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून सरळ बेरीज चालत नाही. सोपी युक्ती: सनातून शेकडा तीन वजा करा आणि ६२२ मिळवा. ९४६ मधून २८ गेले, ९१८ राहिले, अधिक ६२२, झाले १५४०. अर्दबीलचा खरा सन १५३९-४०. युक्तीला एखाद्या वर्षाची चूक माफ.

पण १९२५ मध्ये इराणने सौर हिजरी पंचांग अधिकृत केलं. त्याला मात्र सरळ ६२१ मिळवायचे. म्हणजे १३२५ हा आकडा चांद्र धरला तर १९०७, सौर धरला तर १९४६. गालिचा स्वतः सहसा सांगत नाही की मी यातला कुठला. तेव्हा बाहेरचा पुरावा शोधा. मैत्रिणीच्या घरी एका जुन्या ट्रंकेत आजेसासऱ्यांच्या हाताची १९३४ ची पावती निघाली, मुंबईतल्या खरेदीची. १९३४ साली विकत घेतलेला गालिचा १९४६ साली विणलेला असू शकत नाही. सन १९०७, प्रकरण मिटलं. पावत्या, लग्नातले फोटो, पोत्यात शिवलेली पार्सलची चिठ्ठी, हे सगळं फारसीच्या ज्ञानापेक्षा जास्त कामाला येतं. (सन २५३५ वगैरे दिसला तर चमकू नका. १९७६ ते ७८ या थोड्या काळात शाहाने चालवलेल्या शाहनशाही सनातला तो आहे.)

क्वचित सन आकड्यांत नसतो, शब्दांत लपवलेला असतो. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत आणि त्यांची बेरीज म्हणजे वर्ष. ७८६ हा आकडा ज्या अबजद पद्धतीने येतो तीच ही पद्धत. शेवटच्या ओळीत ‘तारीख’ हा शब्द दिसला तर हा संशय घ्या आणि जाणकाराकडे जा.

शेर कुणाचा

दोन-तीन शब्द नक्की लागले की ते फारसी कीबोर्डवर टाइप करून शोधा. गालिच्यांवर हाफिज, सादी, खय्याम, फिर्दौसी ही कवी मंडळी पुन्हा पुन्हा भेटतात, त्यामुळे सहसा लवकर सापडतं. मैत्रिणीच्या गालिच्यावर सादी निघाला, ‘गुलिस्तान’मधल्या त्या प्रसिद्ध ओळी: ‘बनी आदम आज़ा-ए यक पैकरंद, के दर आफ़रीनिश ज़े यक गौहरंद’. आदमाची लेकरं एकाच देहाचे अवयव, कारण सगळी एकाच रत्नातून घडलेली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयातल्या इराणी गालिच्यावरही हेच शेर आहेत. एकाच शेराचे पाठ वेगवेगळे असतात. ‘यक पैकरंद’ऐवजी कुठे ‘यकदीगरंद’ म्हणजे ‘एकमेकांचे’ असं सापडतं. छापील प्रतीशी जुळत नाही म्हणून विणणारीची चूक काढायची घाई करू नका.

आणि ओळखीच्या शब्दांपासून सावध राहा. वर मी मराठी कानाचं कौतुक केलं, आता त्याचाच कान पिळते. पुढची ओळ आहे: ‘चू उज़्वी ब-दर्द आवरद रूज़गार, दिगर उज़्वहा रा नमानद क़रार’. मैत्रिणीचे सासरे ऐकून म्हणाले, “अरे वा, रोजगार आणि करार! कामगारांवर आहे वाटतं.” फारसीत रूज़गार म्हणजे काळ, नशीब. क़रार म्हणजे चैन, स्वस्थता. काळाने एका अवयवाला दुखवलं तर बाकीच्यांना चैन पडत नाही. त्याच्या पुढे ‘मेहनत’ येतं, आणि तिथेही कष्ट नव्हे, दुःख: दुसऱ्यांच्या दुःखाचं ज्याला काही वाटत नाही, त्याला आदमी हे नाव शोभत नाही. सासरे जरा हिरमुसले, मग म्हणाले, “म्हणजे कामगारांवरच आहे की.”

आता संशय घ्या

मजकूर वाचून झाल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवायचा का, हे ठरवायचं. सगळ्यात सोपी लबाडी म्हणजे सनाची. ३ मधला एक दात उपटला की २ होतो. १३२५ चं १२२५ करायला मोजक्या गाठी काढून तिथे पार्श्वभूमीच्या रंगाच्या बसवल्या की झालं. गालिचा १९०७ वरून १८१० वर जातो आणि किंमत भलतीकडे. म्हणून शतकाचा आकडा मागून भिंगाने बघा. तिथल्या गाठी शेजाऱ्यांपेक्षा फुगीर किंवा सैल आहेत का? लोकरीची चमक वेगळी आहे का? समोरून रंगाच्या पेनाने काही झाकलं असेल तर लव बोटांनी उघडल्यावर मुळाशी जुना रंग दिसतो.

रंगही साक्ष देतात. पहिला कृत्रिम रंग १८५६ मधला, आणि इराणात असे रंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरले. तेव्हाच्या काजार राजघराण्याच्या सरकारने बंदी घातली तरी थांबले नाहीत. तेव्हा १८१० म्हणवणाऱ्या गालिच्यात लवेच्या टोकाला करडा आणि मुळाशी भडक जांभळा दिसत असेल, तर कुणीतरी खोटं बोलतंय.

उलट बाजूचा धोकाही आहे. सॉल्टिंग या संग्राहकाच्या नावाने ओळखले जाणारे गालिचे घ्या. जरीचा वापर, कडेला शेर, आणि रंग इतके ताजे की कित्येक वर्षं जाणकारांनी त्यांना एकोणिसाव्या शतकातल्या तुर्की नकला ठरवून टाकलं. पुढे रंगांची आणि विणीची तपासणी झाली तेव्हा त्यांतल्या कित्येकांना सोळाव्या शतकातल्या इराणात परत जागा मिळाली. फार सुंदर आहे म्हणून खोटा, हाही निकाल घाईचाच.

‘९४६, मक्सूद काशानी’ असं स्वच्छ विणलेला गालिचा कुणी दाखवला, तर मात्र हसून चहा प्या. अर्दबीलच्या नकला इराणात आणि भारत-पाकिस्तानातही भरपूर झाल्या, आणि नक्कल करताना सहीची चौकटही जशीच्या तशी उतरली. त्यात फसवणूक असेलच असं नाही, विणणाऱ्यांच्या लेखी ती चौकट नक्षीचाच भाग.

ठेवायचा कसा, न्यायचा कुठे

कुराणातल्या आयती असतील तर गालिचा जमिनीवर नको, भिंतीवर. शेरांचा असेल तरी त्यात अल्लाहचं नाव नाही ना, हे आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. टांगताना खिळे मारू नका. मागे रुंद पट्टी शिवून घ्या आणि तिच्यातून दांडा ओवा, म्हणजे वजन सगळीकडे सारखं बसतं. गुंडाळायचा असेल तर घडी कधीच नाही. जाड नळीवर, लव बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा आणि वर धुतलेलं मलमल किंवा जुनं सुती पातळ. प्लास्टिकमध्ये कोंडून कोकणातला किंवा मुंबईचा पावसाळा काढलेला गालिचा ऑक्टोबरात बुरशीसकट बाहेर येतो. कडुनिंबाचा पाला टाका, हरकत नाही, पण दर दोन-तीन महिन्यांनी उलगडून बघण्याला तो पर्याय नाही. कसर अंधारात आणि शांततेत वाढते.

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे १९०७ चा गालिचा मुलाच्या नव्या घरासाठी सूटकेसमध्ये टाकून न्यायचा बेत रद्द. त्याहून नवा असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेऊन ठेवा, विमानतळावर वाद नको. अमेरिकेत राहणाऱ्यांना आणखी एक अडचण आहे: निर्बंधांमुळे इराणी गालिचे तिथे आणणं २०१८ पासून पुन्हा बंद आहे.

राहता राहिली आलेखवही. ती पानं गालिच्याबरोबर गुंडाळू नका, शाई आणि कागदाचं आम्ल लोकरीला लागतं. वेगळं पाकीट करा. त्यात आलेख, फोटो, लांबी-रुंदी, गाठींचा आकडा, पावतीची झेरॉक्स, आणि कोणती अक्षरं नक्की लागली व कोणती अंदाजाने, हे दोन वेगळ्या रंगांत. मैत्रिणीच्या पाकिटात माझं ते ‘३२०’ही आहे, खोडून, शेजारी तारीख घालून.